नाव विचारायचं राहून गेलं

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या गावापासून पाच-सहा किलोमीटरवर, साखर कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोडीला आलेल्या लोकांच्या कोप्या असतात. थंडी सुरू झाली की आमचं महिला मंडळ तिथं ब्लँकेटं वाटतं. गावातून वर्गणी जमवायची, घाऊक भावात ब्लँकेटं आणायची आणि एका संध्याकाळी टेंपोत घालून न्यायची. फोटो काढायचं काम माझ्याकडे, कारण मंडळात त्यातल्या त्यात बरा मोबाइल माझा. फोटो नसले तर वर्गणी देणाऱ्यांना दाखवणार काय?

त्या दिवशी एका कोपीपुढे एक बाई बसली होती. मांडीवर तान्हं, पाठीला एक लेकरू चिकटलेलं. चूल अजून पेटायची होती. उतरतं ऊन नेमकं तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. मी मोबाइल वर केला, इकडे बघायला सांगितलं, तिनं बघितलं, फोटो झाला. मग ब्लँकेट हातात दिलं आणि पुढच्या कोपीकडे वळले, तर तिनं मागून विचारलं, हा फोटो कुठं जाणार? मी म्हटलं, ज्यांनी पैसे दिले त्यांना दाखवायला. ती जरा वेळ गप्प बसली. मग पदर सारखा करत एवढंच म्हणाली, की आधी सांगितलं असतं तर पोराचं नाक तरी पुसलं असतं.

घरी येऊन मी फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा आणि हात जोडण्याचा पाऊस पडला. फोटो खरोखरच फार छान आला होता. एकीनं विचारलं, ही कोण गं? आणि मैत्रिणींनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिचं नाव विचारलंच नव्हतं.

रात्री ओटा आवरताना मला एकदम एक जुना फोटो आठवला. बी.ए.ला असताना आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात अमेरिकेच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात पानभर छापलेला. एक बाई, कपाळावर आठ्या, हात हनुवटीशी, नजर कुठंतरी लांब लागलेली. दोन मुलं तिच्या दोन्ही खांद्यांवर तोंड लपवून उभी आणि मांडीवर गुंडाळलेलं तान्हं. खाली फोटो काढणारीचं नाव होतं, डोरोथिया लँग. फोटोतल्या बाईचं नाव नव्हतं. त्या वयात मला त्यात काही खटकलंही नव्हतं. या वेळी मात्र खटकलं. मग त्या दोघींबद्दल जे जे मिळेल ते मी वाचून काढलं. आज डोरोथियाची गोष्ट सांगते. त्यात त्या दुसऱ्या बाईचीही गोष्ट आहेच.

डोरोथियाचा जन्म २६ मे १८९५ चा, न्यूयॉर्कच्या समोर नदीपलीकडे असलेल्या होबोकेन गावातला. घराणं मूळचं जर्मन, वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. सातव्या वर्षी तिला पोलिओ झाला. तेव्हा लस कुठली असणार? पोरगी वाचली, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. शाळेतली पोरं तिला लंगडी म्हणून चिडवायची. त्याहून जास्त तिला लागायचं ते आईचं वागणं. चारचौघांत गेलं की आई हळूच सांगायची, जरा नीट चाल. आईच्या मनात काही वाईट नसणार. आपणही मुलींना असं कितीदा बोलतो! पण आपल्या आईला आपली लाज वाटते, हा सल तिच्या मनात म्हातारपणापर्यंत राहिला.

बारा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. पुढे तिनं त्यांचं आडनाव टाकून दिलं आणि आईचं माहेरचं नाव लावलं, लँग. त्या काळात एका मुलीनं असं करावं, यावरून तिचा स्वभाव कळतो.

घर चालवायला आईनं न्यूयॉर्कच्या एका ग्रंथालयात नोकरी धरली. ग्रंथालय होतं परदेशांतून आलेल्या गरीब लोकांच्या दाट वस्तीत. आईबरोबर डोरोथिया रोज बोटीनं नदी ओलांडायची, तिथल्याच शाळेत जायची आणि शाळा सुटली की आईचं काम संपेपर्यंत ग्रंथालयात बसायची. खिडकीतून समोरच्या चाळीवजा इमारतींमधले संसार दिसायचे. कुणी कपडे शिवतंय, कुणी भांडतंय, कुणी पोराला भरवतंय. आई कामात अडकली की एकटीनं दारुड्यांच्या वस्तीतून पायी परतायचं. आपल्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये असा चेहरा करून गर्दीतून कसं निघायचं, हे ती त्या रस्त्यावर शिकली. पुढे कॅमेरा घेऊन फिरताना हीच विद्या तिच्या कामाला आली.

१९१३ साली शाळा संपली. आता पुढं काय, असं आईनं विचारल्यावर तिनं सांगितलं की मी फोटोग्राफर होणार. गंमत म्हणजे तोपर्यंत तिच्याकडे कॅमेराच नव्हता! आईला वाटत होतं की हातात काहीतरी खात्रीचं असावं, म्हणून तिनं मुलीला शिक्षिका होण्याच्या कोर्सला घातलं. डोरोथिया काही दिवस गेली आणि सोडून आली. मग न्यूयॉर्कच्या वेगवेगळ्या स्टुडिओत ती पडेल ते काम करत शिकली. कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट या नावाजलेल्या फोटोग्राफरच्या वर्गालाही बसली.

१९१८ साली एका मैत्रिणीला घेऊन ती जग बघायला निघाली. दोघी विशीतल्या, सोबत साठवलेले पैसे. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या आणि तिथं त्यांचे पैसे चोरीला गेले. दुसरी कुणी असती तर आईला तार करून घरी परतली असती. ही दुसऱ्याच दिवसापासून फोटो धुवून देणाऱ्या एका दुकानात कामाला लागली आणि पुढच्या वर्षी स्वतःचा स्टुडिओ काढून मोकळी झाली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

स्टुडिओ चांगला चालला. शहरातली धनिक घराणी तिच्याकडे फोटो काढून घ्यायला येत. १९२० साली तिनं मेनार्ड डिक्सन या चित्रकाराशी लग्न केलं. तो तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पहिल्या लग्नाची एक मुलगी असलेला. १९२५ आणि १९२८ मध्ये त्यांना दोन मुलगे झाले, डॅनियल आणि जॉन. डिक्सन चित्रं काढायला महिनोन् महिने वाळवंटात निघून जायचा. घर, मुलं, स्टुडिओ आणि घरखर्च हिच्या अंगावर. हे चित्र आपल्याला काही नवीन नाही.

मग १९२९ साल आलं. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले आणि १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक जण बेकार झाला. श्रीमंतांचीच ओढाताण सुरू झाल्यावर स्टुडिओत फोटो काढायला कोण येणार? घरात पैशांची चणचण होती आणि नवरा-बायकोत धुसफूस. १९३२ च्या सुमाराला दोघांनी खर्च वाचवायला आपापल्या स्टुडिओतच राहायचं ठरवलं आणि मुलांना पैसे देऊन दुसऱ्यांच्या घरी ठेवलं. मोठा सहा-सात वर्षांचा, धाकटा तीन-चार. ही जखम त्या मुलांनाही राहिली आणि तिलाही.

रिकाम्या स्टुडिओच्या खिडकीतून तिला रस्ता दिसायचा. काम शोधत फिरणारी माणसं कोपऱ्यावर येऊन थांबायची आणि पुढं कुठं जायचं ते न कळून तशीच उभी राहायची. आत माझा कॅमेरा कुणाचे फोटो काढतोय आणि बाहेर काय चाललंय, असं तिला वाटू लागलं. १९३३ साली एक दिवस ती कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली. जवळच एक श्रीमंत बाई गरिबांसाठी फुकट जेवणाची रांग चालवत असे. तिथल्या गर्दीत एक म्हातारा बाकीच्यांकडे पाठ करून कठड्याला टेकला होता. मळकी हॅट डोळ्यांवर ओढलेली, हात एकमेकांत गुंतवलेले, पुढ्यात पत्र्याचा रिकामा डबा. तिनं तो फोटो काढला. त्यात रडारड नाही की पसरलेला हात नाही. पण सगळं आयुष्य राबलेल्या माणसाला अन्नाच्या रांगेत उभं राहताना काय वाटत असेल, ते त्या खाली गेलेल्या हॅटवरून कळतं. तिच्या गाजलेल्या फोटोंमधला हा पहिला.

१९३४ साली हे रस्त्यावरचे फोटो एका प्रदर्शनात लागले. बर्कलेच्या विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक पॉल टेलर यांनी ते बघितले. शेतमजुरांचे हाल ते कित्येक वर्षं आकडेवारीनं मांडत होते, पण आकडे वाचतं कोण? त्यांनी डोरोथियाला आपल्या सरकारी पाहणीत घेतलं. कार्यालयात फोटोग्राफर नावाचं पदच नव्हतं, म्हणून तिची नेमणूक कागदोपत्री टायपिस्ट म्हणून झाली! दोघांनी मिळून केलेल्या अहवालांमुळे कॅलिफोर्नियात स्थलांतरित मजुरांसाठी मेरीसव्हिल आणि आर्विन इथं पहिल्या सरकारी छावण्या उभ्या राहिल्या. पाणी, संडास, अंघोळीची सोय, एवढंच. पण त्याआधी तेवढंही नव्हतं.

हे मजूर कोण होते? ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा भागातले शेतकरी. वर्षानुवर्षं पाऊस नाही, नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्यानं उडून गेलेली, दिवसाढवळ्या अंधार करणारी धुळीची वादळं. त्यात कर्ज, पडलेले भाव, आणि दहा घरांचं काम एकटा करणारा ट्रॅक्टर. लाखो लोक मोडक्या मोटारीवर गाद्या, भांडी, पोरं लादून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागले. आज इथं कापूस, उद्या तिथं वाटाणा, पीक असेल तिकडे जायचं.

एकत्र काम करता करता डोरोथिया आणि टेलर यांची मनं जुळली. दोघांनी आपापले घटस्फोट घेऊन डिसेंबर १९३५ मध्ये लग्न केलं. तिची दोन मुलं, त्यांची तीन. ही पाचही मुलं काही काळ इतरांच्या घरी ठेवून दोघं दौऱ्यावर जात. त्याच वर्षी ती केंद्र सरकारच्या शेतकरी पुनर्वसन खात्यात फोटोग्राफर म्हणून लागली. पुढची तीन-चार वर्षं ती देशभर फिरली.

तिची पद्धत मला फार आवडली. ती लंगडत, सावकाश वस्तीत शिरायची. प्यायला पाणी मागायची आणि ते सावकाश प्यायची. पोरं कॅमेऱ्याला हात लावायला आली तर लावू द्यायची. ज्या पायाची आईला लाज वाटायची, त्या पायामुळंच माणसं तिला परकी समजत नसत, असं तिला वाटे. मग गप्पा सुरू व्हायच्या, गाव कुठलं, जमीन किती होती, मुलं किती, मजुरी काय मिळते. ती फोटो काढायची आणि गाडीत परत येऊन लोकांचे बोल जसेच्या तसे वहीत उतरवायची. फोटोखाली नाव बहुधा नसे, पण हकिकत असे. १९३९ साली तिनं आणि टेलर यांनी या विस्थापितांवर मिळून पुस्तक काढलं, त्यातही फोटोंच्या जोडीला लोकांचे शब्द आहेत.

फोटोतून बोलायचं कसं, हे तिच्याकडून शिकावं. मिसिसिपीत १९३६ साली काढलेला तिचा एक फोटो आहे. एक जाडजूड गोरा जमीनदार मोटारीच्या बंपरवर पाय देऊन उभा आहे आणि त्याच्या मागं दुकानाच्या पायऱ्यांवर काळे मजूर बसलेत. कुणी कुणाला मारत नाही, कुणी ओरडत नाही. पण गुलामी कायद्यानं संपून सत्तर वर्षं झाली तरी काय बदललंय आणि काय नाही, ते त्या एका पायावरून कळतं.

आता त्या दिवसाकडे येते. मार्च १९३६. महिनाभराचा दौरा संपवून डोरोथिया एकटीच गाडी चालवत घरी निघाली होती. पाऊस, थंडी, अंग दमलेलं, घरी मुलं वाट बघत असलेली. निपोमो गावाजवळ रस्त्याच्या कडेला वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. ती थांबली नाही. पुरेसे फोटो झालेत, आता घर, असं मनाला समजावत ती वीस मैल पुढं गेली. पण ती पाटी डोक्यातून जाईना. शेवटी तिनं गाडी वळवली आणि वीस मैल मागं आली.

अवकाळी थंडीपावसानं वाटाण्याचं पीक गेलं होतं. पीक नाही तर तोडणी नाही, तोडणी नाही तर मजुरी नाही. अडीच हजारांच्या आसपास माणसं तळावर अडकून पडलेली. पुढंच एका फाटक्या राहुटीत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. डोरोथिया तिच्याकडे गेली, मोजकेच फोटो काढले, दर फोटोला एकेक पाऊल जवळ जात. पहिल्या फोटोंमध्ये राहुटी दिसते, सामान दिसतं, थोरली मुलगी दिसते. शेवटच्या फोटोत यातलं काही उरलं नाही. आई, तिला बिलगलेली दोन मुलं आणि तान्हं. मुलांची तोंडं पलीकडे वळलेली, त्यामुळं बघणाऱ्याची नजर आईच्या चेहऱ्यावरून हलत नाही. कोपऱ्यात राहुटीचा खांब धरलेला एका हाताचा अंगठा येत होता. तो डोळ्यांना खुपतो म्हणून तीन वर्षांनी डोरोथियानं निगेटिव्हवरून पुसून घेतला. खऱ्या फोटोत अशी ढवळाढवळ नको, म्हणून तिचा वरिष्ठ नाराज झाला होता.

हे सगळं जेमतेम दहा मिनिटांत झालं. बाईचं वय बत्तीस, एवढं तिनं विचारलं. नाव विचारलं नाही. नेहमीसारखी हकिकतही लिहून घेतली नाही. दमलेली होती, घरी जायचं होतं. तळावरच्या दुसऱ्या कुणाकडेही न जाता ती निघाली.

घरी येऊन तिनं फोटो धुतले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकाला दिले. १० मार्चला बातमी छापून आली आणि सरकारनं लगोलग वीस हजार पौंड, म्हणजे नऊ हजार किलो धान्य-सामान निपोमोला धाडलं. कित्येक पोरांच्या पोटात अन्न गेलं. पण ज्या बाईच्या चेहऱ्यामुळं ते अन्न आलं, ती तोवर कुटुंबासह पुढच्या कामाला निघून गेली होती. तिच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

फोटो मात्र जगभर गेला. तो सरकारच्या मालकीचा, त्यामुळं कुणीही छापावा. डोरोथियाला त्यातून पगारापलीकडे कधी पैसे मिळाले नाहीत. १९९८ साली अमेरिकेनं त्याचं टपाल तिकीट काढलं आणि त्याच वर्षी तिच्या सहीची एक प्रत लिलावात २,४४,५०० डॉलरला गेली.

आणि ती बाई? १९७८ साली, म्हणजे डोरोथिया जाऊन तेरा वर्षं झाल्यावर, एका बातमीदारानं तिला मोडेस्टो गावात शोधून काढलं. तिचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. चेरोकी या मूळनिवासी जमातीची. एकूण दहा मुलांना तिनं मजुरी करून वाढवलं होतं. डोरोथियानं लिहिलं होतं की त्या कुटुंबानं पोटासाठी मोटारीचे टायर विकले. फ्लोरेन्सच्या मुलांनी सांगितलं, असं काही घडलंच नव्हतं. मोटार बिघडली होती, ती दुरुस्त करून आणायला माणसं गावात गेली होती, आई त्यांची वाट बघत होती. गरिबीचं प्रतीक म्हणून आपला चेहरा जगभर मिरवला जातो, याचा फ्लोरेन्सला आयुष्यभर राग होता. फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, असं तिनं बोलूनही दाखवलं. एक पैसा मिळाला नाही ही तक्रार होतीच, पण आपल्याला कुणी नाव विचारलं नाही, हे जास्त झोंबलं होतं.

तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८३ साली फ्लोरेन्स कॅन्सरनं आजारी पडली, उपचाराला पैसे नव्हते. मुलांनी लोकांपुढं हात पसरला, तेव्हा त्याच फोटोच्या ओळखीवर देशभरातून दोन हजारांवर पत्रं आणि पस्तीस हजार डॉलरच्या आसपास मदत आली. कित्येकांनी लिहिलं होतं की या चेहऱ्यानं आम्हाला अवघड दिवसांत धीर दिला. ती पत्रं वाचल्यावर मुलांचा फोटोवरचा राग बराच निवळला. त्या सप्टेंबरात फ्लोरेन्स गेली.

डोरोथियाची गोष्ट निपोमोला संपत नाही. १९४१ साली तिला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. फोटोग्राफीसाठी ती मिळालेली पहिली बाई तीच. तेवढ्यात डिसेंबरात जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये हुकूम निघाला आणि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून तारेच्या कुंपणाआड छावण्यांत ठेवलं गेलं. सव्वा लाखाच्या घरात माणसं, त्यात दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. याचे फोटो काढायचं सरकारी काम डोरोथियाकडे आलं. शिष्यवृत्ती बाजूला ठेवून तिनं ते घेतलं.

सरकारला हवं होतं, सगळं कसं शिस्तीत चाललंय त्याचा पुरावा. तिनं दाखवलं ते वेगळंच. शाळेच्या अंगणात छातीवर हात ठेवून अमेरिकेच्या झेंड्याला वंदन करणारी जपानी चेहऱ्याची चिमुरडी. मी अमेरिकन आहे अशी मोठी पाटी लावलेलं ओकलंडमधलं बंद पडलेलं किराणा दुकान. सामानाला लावावीत तशी नंबरांची लेबलं कोटाला अडकवून बसची वाट बघणारी नीटनेटकी कुटुंबं. लष्करानं फोटो बघितले आणि युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. आठशेच्या वर फोटो होते. १९७२ साली तिच्याच एका जुन्या मदतनिसानं बायकोसह त्यांतले काही प्रदर्शनात मांडले. १९८८ साली अमेरिकेनं या लोकांची माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर भरपाई दिली. तो दिवस बघायला डोरोथिया नव्हती.

१९४५ नंतर पोटाच्या अल्सरनं ती बेजार झाली, कित्येक वर्षं कॅमेरा हातात धरवेना. बरं वाटलं की पुन्हा कामाला लागायची. १९५४ साली मोठ्या मुलाला, डॅनियलला घेऊन ती आयर्लंडच्या खेड्यांत गेली. ती फोटो काढायची, तो लिहायचा. लहानपणी परक्या घरी ठेवलेला तोच हा मुलगा. आई-मुलाच्या त्या प्रवासात जुन्या गोष्टी बोलल्या गेल्या की नाही, कोण जाणे. शेवटच्या वर्षांत तिनं घरातले, अंगणातल्या ओकच्या झाडाचे, नातवंडांचे फोटो काढले. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयानं तिच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन ठरवलं. तोवर एकाही स्त्री फोटोग्राफरला तिथं तो मान मिळाला नव्हता. कॅन्सरनं ग्रासलेली असतानाही ती एकेक फोटो स्वतः निवडत होती. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी ती गेली. प्रदर्शन जानेवारी १९६६ मध्ये उघडलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मंडळाच्या बैठकीत विषय काढला. चांगलीच वादावादी झाली. एकीचं म्हणणं, फोटो नसता तर निपोमोला अन्न गेलं असतं का? फोटो बंद केले तर वर्गणी आटेल आणि थंडीत कुडकुडतील ती पोरंच. तिचं चूक आहे, असं मला म्हणता आलं नाही. दुसरी म्हणाली, आपल्या घरात अडचण आली तर आपण असा फोटो काढू देऊ का? यावर सगळ्या गप्प. शेवटी एवढं ठरलं, की आधी बसायचं, नाव-गाव विचारायचं, फोटो कुठं जाणार ते सांगायचं आणि नको म्हटलं तर मोबाइल पर्समध्ये. वर्गणीदारांना ब्लँकेटांचं बिल दाखवायचं. एक वर्गणीदार यावर कुरकुरले आहेत. पुढच्या वर्षी पावती फाडतील की नाही, बघायचं.

मी तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला. स्टुडिओतून त्याची प्रत करून घेतली आणि जानेवारीत पुन्हा कोप्यांवर गेले. मनात धाकधूक होती, टोळी दुसरीकडे गेली असेल तर? पण ती होती. फोटो हातात घेऊन तिनं बराच वेळ बघितला, मग पोराच्या नाकावर बोट ठेवून हसली. म्हणाली, दुसरा काढा. पोराचं तोंड धुतलं, केस विंचरले, स्वतः डोक्यावरून पदर घेतला आणि ताठ बसली. खरं सांगते, दुसरा फोटो पहिल्याइतका चांगला आला नाही. ऊन डोक्यावर होतं, सगळे पुतळ्यासारखे बसलेले. पण तिनं तोच ठेवून घेतला आणि पहिला मला परत दिला.

या वेळी मी तिला नाव विचारलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुकासुद्धा. ते इथं लिहीत नाही, कारण पेपरात छापू का असं विचारल्यावर ती नको म्हणाली.